दर : निरंक

गेल्या सोमवारपासून मी माझ्याच हाताखाली काम करते आहे. थट्टा नाही, रीतसर पत्र आहे, जावक क्रमांकासहित. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक मी, आणि त्याच संघाची सहायक प्रशिक्षकही मीच. मुख्य मॅडमचं माझ्याबद्दल काय मत आहे माहीत नाही. मला विचाराल तर बाई हेकट आहे.

सुरुवात झाली ती माझ्या उजव्या गुडघ्यापासून. लिगामेंटने राजीनामा दिला आणि डॉक्टर म्हणाले, "उभ्या राहा, चाला, पण पळू नका." बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईला पळू नका म्हणणं म्हणजे आचाऱ्याला चुलीजवळ जाऊ नका म्हणण्यासारखं आहे. त्यात गेल्या वर्षीच्या विभागीय सामन्याची जखम होतीच. एका पोरीला बाकावर बसवून मी झोन, म्हणजे प्रत्येकीने आपापला भाग राखायचा बचाव, समजावत होते, तेवढ्यात आमच्या सगळ्यात उंच मुलीचा पाचवा फाउल झाला. पाचव्याला खेळाडू बाहेर. चौथा कधी झाला हे मला कळलंच नव्हतं. ते बघायला दुसरं माणूस लागतं. एकाने खेळ बघायचा आणि दुसऱ्याने बाकी सगळं: फाउल, टाइमआउट, कोण दमलंय, कोण रडतंय, कुणाच्या बुटाची लेस सुटली आहे. तीन गुणांनी हरलो.

म्हणून अर्ज केला. सहायक प्रशिक्षक, शक्यतो महिला, तीन महिने, रोज संध्याकाळी दोन तास, मानधनावर. प्राचार्यांनी तिरकी सही करून "मान्य" लिहिलं. मला वाटलं, झालं. नोकरीत एकोणीस वर्षं काढूनही मला असं वाटू शकतं, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

फाइल गेली भाऊसाहेबांकडे. प्रत्येक कॉलेजात एक भाऊसाहेब असतात. आमच्याकडच्यांच्या टेबलावर डावीकडे ओला स्पंज, उजवीकडे लाल पेन आणि लाकडी पट्टी, आणि खालच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची पुडी. पुडी बाहेर आली की समजायचं, आपलं काम होणार नाही, पण माणूस म्हणून आपल्याबद्दल राग नाही.

त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि म्हणाले, "मॅडम, कोच म्हणजे वस्तू की सेवा?"

"माणूस, भाऊसाहेब."

"ते झालं. पण टाकायचा कशात? डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, तर घेता येणार नाही."

"डेड नकोच आहे मला."

ते हसले नाहीत. "सेवा म्हटलं तर एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात बसतो. वॉटर कूलर, झेरॉक्स आणि कोच. एकाच हेडखाली येईल. पण मग तीन कोटेशन लागतील."

"कोचची कोटेशनं?"

"तीन बंद पाकिटं. उघडायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दर असेल त्याला द्यायचं. कूलरच्या वेळेस तेच केलं."

तो कूलर गेल्या मार्चपासून कोमट पाणी देतो. मी त्याच्याकडे बघितलं, भाऊसाहेबांनीही बघितलं, आणि दोघांनीही विषय वाढवला नाही.

मग त्यांनी तक्त्याचा छापील नमुना काढला. रकाने आखलेलेच होते: वस्तूचे वर्णन, मेक, मॉडेल, वॉरंटी, दर, शेरा. "मेक"समोर त्यांनी जरा विचार करून "महिला" लिहिलं. "मॉडेल म्हणजे उत्पादनाचं साल असतं," म्हणाले, "इथे जन्मसाल घेऊ."

"आणि वॉरंटी?"

"तीन महिनेच ठेवायचाय ना? मग तीन महिने." पट्टी लावून त्यांनी रकान्याखाली लाल रेघ मारली. "मधे बिघडला तर?"

"म्हणजे?"

"आजारी पडला, लग्न ठरलं. बदलून मिळेल का ते लिहून घ्या. कूलरवाल्याने दिलं होतं लिहून."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, बास्केटबॉल कळायला हवा, हे यात कुठे लिहायचं?"

त्यांनी सगळे रकाने पुन्हा एकदा बोटाने तपासले. "शेऱ्यात लिहा," म्हणाले आणि पुडी बाहेर काढली.

मला भाऊसाहेबांचा राग येतो तो चेंडूंपासूनचा आहे. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मुलांचा सात. सहा नंबर परिघाला साधारण एक इंच लहान आणि वजनाला हलका, म्हणजे हाताच्या पकडीत येतो. मी सहा नंबरचे दहा मागितले, आले सात नंबरचे दहा. जाब विचारला तर म्हणाले, "त्याच पैशांत एक नंबर मोठा मिळाला मॅडम, फायदाच झाला." माझ्या पोरी दोन वर्षं फायद्याच्या चेंडूने खेळल्या आणि स्पर्धेत खरा चेंडू हातात आला की फळ्याच्या वरून फेकायच्या.

पण मग मला डॉ. जेम्स नेस्मिथ आठवतात आणि राग थोडा निवळतो. १८९१च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये, या गृहस्थांनी शिपायाकडे दोन चौकोनी खोकी मागितली होती. खोकी नव्हती. शिपायाने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या. म्हणजे मागितलं एक आणि आलं भलतंच, यातूनच हा खेळ जन्माला आला. खोकी मिळाली असती तर आज आम्ही बॉक्सबॉल खेळत असतो. त्या टोपल्यांना बूड होतं, म्हणून गोल झाला की कुणीतरी शिडी लावून चेंडू काढायचा. माझ्या मते हा शिडीवाला म्हणजे बास्केटबॉलमधला पहिला सहायक. त्याच्यासाठी तीन कोटेशनं मागवल्याची नोंद नाही.

पुढच्याच वर्षी, १८९२ला, स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला. मुलींची प्रकृती नाजूक म्हणून मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीने आपापल्या भागातच राहायचं, आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. १८९३च्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. आमच्याकडे उलटं आहे. सराव सुरू झाला की पार्किंगच्या कट्ट्यावर पुरुषांना प्रवेशच प्रवेश, आणि त्यातला प्रत्येक जण कोच. "पास दे की!" हे तिथलं सगळ्यात तांत्रिक मार्गदर्शन. ते फुकट असतं, पण भाऊसाहेबांना ते दाखवायला नको होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

असो. जाहिरात नोटीस बोर्डावर लागली, दोन उमेदवार आले.

पहिली मुलगी राज्यस्तरावर खेळलेली. लहानपण मुंबईत गेलं, नागपाड्याला मस्तान तलावाच्या मैदानावर मोठ्या मुलांचे चेंडू वेचून देत खेळ शिकली, लग्न होऊन आमच्या गावात आली. मुलाखतीला तीन वर्षांचा मुलगा सोबत होता, कारण सासूबाई गावाला गेल्या होत्या. मी तिला मैदानावर नेलं. तिने चप्पल काढली, पदर खोचला आणि आमच्या एका पोरीला दोन वाक्यांत पिव्होट समजावला. "बाळ, हा पाय खिळा आहे. खिळा हलवायचा नाही, दार फिरवायचं." मी एकोणीस वर्षं तेच शिकवते आहे आणि मला हे वाक्य सुचलं नव्हतं. हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू. पोरीने तीनदा फिरून पाहिलं, चौथ्यांदा पाय खिळला. तिची अट एकच होती: साडेसहाला सोडा, बस सहा पन्नासची आहे.

दुसरे उमेदवार एका जिमचे ट्रेनर आणि संस्थेच्या एका संचालकांचे भाचे. दंड माझ्या मांडीएवढे. मुलाखतीला प्राचार्य, संचालक, भाऊसाहेब आणि मी. माझ्यासाठी खुर्ची नव्हती, ती स्टाफरूममधून आणण्यात आली, आणि आणली मीच. मी विचारलं, "मुली ट्रॅव्हलिंग फार करतात, त्यावर काय कराल?" आता ट्रॅव्हलिंग म्हणजे चेंडू न टप्पवता पावलं टाकणं, पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट. भाचे म्हणाले, "त्याचं काय टेन्शन मॅडम, ट्रॅव्हलिंग कॉलेजने दिलं तर बरं, नाहीतर मी माझ्या बाइकवर येईन." संचालकांनी मान डोलावली. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं: प्रवासभत्ता नको.

तिथेच मी चूक केली. तावातावाने बोलायला लागले. म्हटलं, अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या श्रेणीतल्या संघांना २०२३पासून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली पाच-पाच सहायक ठेवता येतात, मी एक मागते आहे. म्हटलं, पॅट समिट बघा. १९७४ला अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात मुलींच्या संघाची सहायक व्हायला गेली, आधीच्या प्रशिक्षक सोडून गेल्या आणि बावीसाव्या वर्षी अख्खा संघ हिच्या गळ्यात पडला. महिना अडीचशे डॉलर, मुलींचे गणवेश स्वतः धुवायची, व्हॅन स्वतः चालवायची. पुढे आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, पण सुरुवात बघा कशी हलाखीची! मला म्हणायचं होतं की बायकांच्या संघाला असं राबवू नका. प्राचार्य अतिशय प्रभावित झाले. "व्वा," म्हणाले, "म्हणजे एकट्या बाईला सगळं जमतं."

मुलाखती संपल्या. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "तिसरं कोटेशन?"

"दोनच उमेदवार आले."

"दोनवर तुलना होत नाही मॅडम. दोनवर भांडण होतं." हे मात्र मला पटलं. "तुम्हीच द्या एक. डमी. नाव लिहा, खाली सही करा, दर कोरा सोडा. या दोघांपेक्षा वरचा आकडा मी टाकतो. म्हणजे तुमची ती मुलगी येते बरोबर." मुलीचा दर भाच्यांपेक्षा कमी होता, हे त्यांनी पाकिटं उघडायच्या आत कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. फुटाणे पुढे आले. मी दोन घेतले आणि सही केली.

त्यानंतर भाऊसाहेब पुतणीच्या लग्नाला चार दिवस रजेवर गेले. तक्ता टाइप केला नव्या मुलाने. अतिशय शिस्तीचा मुलगा. रकाना कोरा ठेवायचा नाही, हे त्याला भाऊसाहेबांनीच शिकवलेलं. त्याने माझ्या नावासमोर दर या रकान्यात टाइप केलं: निरंक. सरकारी मराठीत निरंक म्हणजे काहीच नाही, शून्य. आणि काहीच नाहीपेक्षा कमी दर कुणाचा असणार? शनिवारी बैठक झाली, सर्वात कमी दर मंजूर झाला, ठराव झाला, सोमवारी माझ्या हातात पत्र. "आपली नियुक्ती सहायक प्रशिक्षक (कंत्राटी) या पदावर, निरंक मानधनावर..."

भाऊसाहेब लग्नाचे लाडू घेऊन परतले. मी पत्र त्यांच्या टेबलावर आपटलं. त्यांनी ते स्पंजपासून सुरक्षित अंतरावर सरकवलं, चष्मा लावून वाचलं. "सही तुमचीच आहे ना?"

"तुम्ही सांगितलीत म्हणून केली!"

"ठराव झाला आता मॅडम. पुढच्या बैठकीत बघू." पुढची बैठक जानेवारीत आहे. विभागीय स्पर्धा डिसेंबरात.

मुलांच्या क्रिकेटला नवीन मॅटिंग आलं तेव्हा किती पाकिटं उघडली, हे मी तिथल्या तिथे विचारलं. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते संचालकांनी स्वतः लक्ष घातलं होतं." आमच्याकडे कुणी स्वतः लक्ष घालत नाही. आमच्या पोरी मॅचला एसटीने जातात आणि शर्टाच्या मागचे नंबर मी घरी बसून शिवते. हे विनोदी नाही, मला माहीत आहे. पण आठवलं.

त्या मुलीला फोन मलाच करावा लागला. कारण सांगताना मी अडखळत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मागे तिचा मुलगा चेंडू आपटत होता, टप् टप् टप्, भिंतीवर बहुतेक. "ठीक आहे मॅडम," ती म्हणाली, "मलाही कुणी सांगितलं असतं तर मीही निरंक भरलं असतं." टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

काल नवीन कागद आला. कंत्राटी सहायकाचं काम समाधानकारक असल्याचं प्रमाणपत्र मुख्य प्रशिक्षकाने दरमहा द्यावं, नाहीतर मानधन निघणार नाही. निरंक मानधन निघणार नाही म्हणजे नक्की काय होणार, हा प्रश्न मी गिळला. शांतपणे पेन काढलं आणि लिहिलं: "सहायक प्रशिक्षक सरावात वारंवार बसून राहतात, फाउलची नोंद ठेवत नाहीत, वरिष्ठांशी उद्धट बोलतात. काम असमाधानकारक. त्यांच्या जागी दुसरी नेमणूक व्हावी." सही केली, शिक्का मारला, आवक खिडकीत दिलं. घरी जाताना मैदानावरून गेले आणि गुडघा न सांभाळता एक ले-अप टाकला, म्हणजे धावत जाऊन उडी मारून चेंडू बास्केटात सोडला. चेंडू सात नंबरचाच होता. गेला आत.

आज सकाळी मेमो आलाय. सहायक प्रशिक्षकांच्या नावाने. वरिष्ठांच्या तक्रारीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा, मुख्य प्रशिक्षकांमार्फत.

खुलासा लिहायला घेतला आहे. मुख्य मॅडम तो पुढे पाठवतील असं वाटत नाही.