कलाकार सोडून सगळ्यांना पैसे

काही वर्षांपूर्वी एका नृत्याच्या कार्यक्रमाचं आयोजन आम्ही काही जण करत होतो. खर्चाचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. सभागृह, प्रकाशयोजना, ध्वनी, छपाई, निवेदक, फोटोग्राफर, सांकेतिक भाषेचे दुभाषी, सगळ्यांपुढे रकमा. शेवटच्या ओळीत व्हीलचेअरवरचे चार नर्तक, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ते. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'स्मृतिचिन्ह व प्रशस्तिपत्र'. कोणालाच खटकलं नाही. मलाही नाही. मी सही करून मोकळी झाले.

कार्यक्रमानंतर त्यांच्यातल्या एकीने सहज विचारलं, "निवेदकाला किती दिलेत हो?" मला उत्तर देता आलं नाही.

अपंग कलाकाराचं काम म्हणजे त्याचा विरंगुळा किंवा उपचार, असं आपण मनात धरून चालतो. 'चित्र काढलं की त्याला बरं वाटतं.' अहो, गाताना गवयालाही बरं वाटतं. म्हणून त्याची बिदागी बुडवतो का आपण?

ऑस्ट्रेलियात जिलाँगला बॅक टू बॅक थिएटर नावाची नाटक कंपनी १९८७ पासून चालू आहे. तिथले अपंग नट पगारी आहेत आणि नाटकं त्यांच्यासोबतच रचली जातात. त्यात बराच काळ जातो. २०२२ साली त्यांना आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या नाट्यमहोत्सवात जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार. ही बक्षिसं कोणी कौतुकाची थाप म्हणून देत नाही. पगार चालू असला की माणूस वर्षानुवर्षं एकाच कामात खोल जाऊ शकतो, मला तरी यामागचं कारण तेच दिसतं.

वेळेवरून अमेरिकन शिल्पकार जुडिथ स्कॉट आठवते. जन्म १९४३ चा, डाउन सिंड्रोम, त्यात बहिरेपण, आणि ते कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही. पस्तीसेक वर्षं संस्थांमध्ये गेली. १९८७ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या स्टुडिओत आली आणि जवळजवळ दोन वर्षं तिला तिथल्या कशातच रस वाटला नाही. मग एक दिवस धागे हाती आले. वस्तूंभोवती सूत गुंडाळत केलेली तिची शिल्पं आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्या तीन महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये ती टिकली असती का?

कायद्याचं चित्र मात्र विचित्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं २७ वं कलम इतरांच्या बरोबरीने काम करून पोट भरण्याचा हक्क सांगतं. आणि जुडिथच्या अमेरिकेत १९३८ च्या एका कायद्यानुसार काही मालकांना अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची मुभा आजही आहे. शिवाय तिथल्या एसएसआय या गरजू अपंगांना आणि वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी एकट्या माणसाकडे २००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. एखादं चित्र बऱ्या किमतीला गेलं की मदतच धोक्यात. कमवावं तरी कसं?

सर्वसमावेशक कार्यालय म्हटलं की आपण रॅम्प दाखवतो. रॅम्प हवाच. पण मदतनीसाचा खर्च कलाकाराच्या मानधनातून कापू नका, त्याची ओळ वेगळी धरा. करार सोप्या भाषेत द्या. कलाकृतीचे हक्क कोणाकडे राहतील ते आधी बोला. कोणाला तालमीत मध्ये विश्रांती लागते, कोणाला शांत खोली, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. डिझाइन विभागात अपंग चित्रकार घेतलात तर त्याला फक्त ३ डिसेंबरचं, म्हणजे जागतिक अपंग दिनाचं पोस्टर देऊ नका, साबणाची जाहिरातही द्या. (आणि ती फसली तर तसं सांगा. आपण 'वा वा' करून सुटका करून घेतो, हाही अपमानच.)

पुढच्या कार्यक्रमाला नर्तकांची ओळ मी सगळ्यात वर लिहिली, निवेदकाच्या दीडपट मानधन धरलं आणि मोठ्या ऐटीत तो कागद निवेदकाचं विचारणाऱ्या त्या नर्तकीपुढे ठेवला. तिने नीट वाचला आणि म्हणाली, "प्रयोगाचे झाले. तालमीच्या बारा दिवसांचे कुठे आहेत?"