झाड ‘वाचवलंय’ म्हणे!

नाशिकच्या शरणपूर रोडच्या मागे एका जुन्या बंगल्याच्या आवारात आज जेसीबी लागला होता. बंगल्याचं नूतनीकरण चालू आहे. कौलं उतरवून नंबर टाकून ठेवलीत, सागवानी खांबांना पॉलिश. आणि पोर्चसमोरचा पर्जन्यवृक्ष? पाच मीटर घेराचा, गाडीवाट ज्याला वळसा घालून आखली तो? त्याच्या खोडापासून चार फुटांवर पेव्हर ब्लॉकसाठी अडीच फूट खोल चर. मनगटाएवढी मुळं चिंध्या होऊन लोंबतायत. कंत्राटदार म्हणतो, "झाडाला हातही लावला नाही!"

अरे, पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात! खोडाचा व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायचा, त्याची बारा पट अंतर खोदकामाला सोडायचं. इथे व्यास एक मीटर साठ सेंटी, म्हणजे एकोणीस मीटर. यांनी सोडलं चार फूट. आता दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडे वाळतील, फाटक्या मुळांतून बुरशी शिरेल, आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं होईल. शेरा काय? "जुनं होतं, पडलं."

१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं ‘तोडणं’च मानलंय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज. तोडलंत तर त्याच्या वयाइतकी रोपं लावा म्हणे. लावा! वळसा घातलेली ती वाट कुठल्या रोपाभोवती फिरवणार?

हो, झाड परदेशी आहे, दक्षिण अमेरिकेकडचं. लाकूड ठिसूळ, फांद्या मोडतात, हेही खरं. मग वाळकी फांदी रीतसर काढा: आधी खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून, शेवटी खोडालगतचा फुगवटा राखून फांदीचा उरलेला खुंट. शेंडा छाटून बोडकं करू नका, त्यातून फुटणारे धुमारे कच्चे असतात, तेच पुढे अंगावर येतात.

चिडून काय होणार म्हणा. अजून वेळ गेलेली नाही. फाटकी मुळं करवतीने सरळ कापा, तीच माती परत भरा, पायाने तुडवू नका, भरपूर पाणी द्या. वर चार इंच पालापाचोळा, खोडापासून मात्र फूटभर लांब. पेव्हर ब्लॉक रद्द, त्या पट्ट्यात मुरूमही दाबायचा नाही. मालकांना ओळखणारं कुणी इथे असेल तर आज रात्रीच फोन करा. उघडी मुळं उद्या दुपारच्या उन्हापर्यंत तशीच राहिली तर वाळून जातील.