अपयशांच्या यादीतून गायब झालेला वकील

दहावी-बारावीचा किंवा एमपीएससीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर एक यादी हमखास फिरते. 1831 मध्ये धंदा बुडाला, 1832 मध्ये निवडणूक हरले, 1833 मध्ये पुन्हा धंदा बुडाला, 1836 मध्ये मनाने कोलमडले, पुढे 1843, 1848, 1855, 1856, 1858 असे पराभवामागून पराभव, आणि 1860 मध्ये एकदम अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. नाव : अब्राहम लिंकन. खचलेल्या मुलाला धीर द्यायचा हेतू चांगलाच आहे. पण ही यादी दिशाभूल करते, आणि त्या मुलाला खरोखर उपयोगी पडेल तेच नेमकं झाकून ठेवते.

‘1832, निवडणूक हरले.’ हरले, खरं आहे. वय 23, निवडणुकीची पहिलीच खेप. पण ज्या न्यू सेलम गावात ते राहत होते तिथल्या 300 पैकी 277 मतं त्यांना पडली होती. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि 1836, 1838, 1840 मध्येही जिंकले. यादीत हे सलग चार विजय बहुतेकदा नसतातच.

‘धंदा बुडाला.’ न्यू सेलममधलं दुकान बुडालं, भागीदार वारला, सगळं कर्ज एकट्याच्या अंगावर आलं. पोटासाठी ते जमीन मोजणीचं काम करत होते. त्या मोजणीची साधनंसुद्धा जप्तीत लिलावाला निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती लिलावात विकत घेतली आणि लिंकनना परत देऊन टाकली. या काळात गावाने त्यांना सांभाळलं. यादीतला माणूस मात्र एकटाच झगडताना दिसतो.

‘1836, मनाने कोलमडले.’ त्याच वर्षी ते विधिमंडळावर पुन्हा निवडून आले आणि त्यांना वकिलीचा परवाना मिळाला. आदल्या वर्षी ॲन रटलेज हिच्या मृत्यूने त्यांना जबर धक्का बसला होता, आणि जानेवारी 1841 मध्ये तर ते इतके खचले की आपल्याइतका दुःखी माणूस जगात नसेल असं त्यांनी वकिलीतल्या भागीदाराला लिहिलं. हे दुःख खरं होतं, म्हणूनच ते चुकीच्या वर्षात कोंबू नये. त्याच 1841 मध्ये त्यांनी स्टीफन लोगन या मुरलेल्या वकिलाबरोबर भागीदारी केली आणि खटल्याची काटेकोर तयारी कशी करायची हे त्यांच्याकडून शिकून घेतलं.

यादीत वकिली मुळीच नाही, ही तिची सगळ्यात मोठी चूक. जवळजवळ 24 वर्षं लिंकन वकिली करत होते. त्यांचे आणि त्यांच्या भागीदारांचे पाच हजारांहून अधिक खटले नोंदलेले आहेत, त्यांतले तीनशेहून अधिक इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात चालले. रेल्वे कंपनीसाठी कराचा एक खटला जिंकून त्यांनी 5,000 डॉलर फी लावली. कंपनी देईना, तेव्हा तिच्यावरच दावा लावून ती वसूल केली.

यादीत 1858 समोर फक्त ‘पराभव’ लिहिलेलं असतं. त्याच वर्षी मे महिन्यात बीअर्डस्टाउनच्या कोर्टात डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा खटला चालला. रात्री अकराच्या सुमारास लख्ख चांदण्यात आपण मारहाण पाहिली, असं मुख्य साक्षीदार ठामपणे सांगत होता. लिंकननी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग पंचांग पुढे केलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. मुलगा सुटला. त्याची आई हॅना हिने न्यू सेलमच्या दिवसांत लिंकनना जेवूखाऊ घातलं होतं. तिच्याकडून त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

अपयशच हवं असेल तर 1847 चं लिहा. त्या वर्षी लिंकन रॉबर्ट मॅटसन या गुलाममालकाच्या बाजूने उभे राहिले. जेन ब्रायंट आणि तिची मुलं आपल्या ताब्यात परत द्यावीत, ही मॅटसनची मागणी. खटला ते हरले, ब्रायंट कुटुंब मुक्त झालं. लिंकनचं मोठेपण मानणाऱ्याने हेही वाचलं पाहिजे.

‘1848, पुन्हा उमेदवारी नाकारली.’ नाकारली नाही. त्या मतदारसंघात पक्षाचे नेते आळीपाळीने काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, जात. लिंकनची पाळी संपली होती. 1855 मध्ये सिनेटसाठी पहिल्या फेरीत सर्वाधिक मतं त्यांनाच होती. गुलामगिरीच्या विस्ताराला रान मोकळं करणाऱ्यांचा उमेदवार येऊ नये म्हणून त्यांनी आपली मतं त्या विस्ताराच्या विरोधातल्या लायमन ट्रंबुल यांच्याकडे वळवली. 1856 मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी, स्वतः पक्षाच्या अधिवेशनाला हजरही नसताना, त्यांना 110 मतं पडली. आणि 1858 चा पराभव सिनेटच्या लढतीतला; तेव्हा सिनेटर जनता नव्हे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. त्या हरलेल्या लढतीतल्या, प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्याबरोबरच्या सात जाहीर वादविवादांनीच त्यांचं नाव देशभर पोचवलं.

राहिलं 1860. तो यादीतला चमत्कार. इलिनॉयच्या आठव्या न्यायिक मंडळात न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून, बग्गीतून गावोगावच्या कोर्टांत एकत्र फिरत, एकाच खाणावळीत उतरत. तिथले न्यायाधीश होते डेव्हिड डेव्हिस. मे 1860 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात हेच डेव्हिस, लोगन, लेनर्ड स्वेट आणि त्या फिरतीतले इतर वकील एकेका राज्याच्या प्रतिनिधींना भेटत, त्यांची मनं वळवत होते. तिसऱ्या फेरीत उमेदवारी लिंकनना मिळाली. ती मिळवून देणारी माणसं त्यांनी 24 वर्षांच्या कोर्टकामात जोडली होती.