शह, चेक आणि आमचे खजिनदार

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी खजिनदारांना एवढंच म्हणालो, "मेंटेनन्सचा चेक दिलाय, एकदा चेक करून घ्या." दुसऱ्या मजल्यावरचे काका लगेच उसळले. "धनादेश म्हणा. आणि तपासून घ्या म्हणा. मराठी माणसंच मराठीच्या मुळावर उठलीत!" मी गप्प बसलो. (काकांच्या अंगात चौकडीचा शर्ट होता. त्याला ते स्वतः 'चेक्सचा शर्ट' म्हणतात, पण वयाचा मान राखला.) मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काकांनी बरोब्बर शह दिला."

आता गंमत बघा. शह आणि चेक हा मुळात एकच शब्द आहे.

आपला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन शतरंज झाला. फारसीत राजा म्हणजे शाह. राजावर मोहरा रोखला की "शाह!" असं म्हणून समोरच्याला सावध करायचं. तो 'शाह' अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्लंडात पोचेपर्यंत झिजून 'चेक' उरला. त्याच एशेकचं अनेकवचन म्हणजे 'चेस'. चेकमेट तर सरळसरळ शाहमात. यातल्या 'मात'चा अर्थ काहीजण अरबीवरून 'मेला' असा लावतात. फारसीत मात म्हणजे हतबल, आणि मला तोच अर्थ पटतो. बुद्धिबळात राजा मरतो कुठे? त्याला फक्त हलायला जागा उरत नाही.

हाच शब्द आपल्याकडे युरोपची वारी न करता थेट फारसीतून आला. शह, काटशह. निजामशाही-आदिलशाहीचं सोडा, आपण तर 'लोकशाही'च्या शेपटीलासुद्धा राजा बांधून ठेवलाय! आणखी मागे गेलात तर शाह हा आपल्या 'क्षत्र'चा भाऊबंद निघतो, दोघांच्याही मुळाशी राज्य करणं आहे. तेव्हा घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे काकांनी ठरवावं.

इंग्रजीने मात्र या एका राजाला अनेक नोकऱ्यांना लावलं. शह बसला की बाकीचा डाव थांबतो, आधी राजाला वाचवावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवरणं. अडवलं की नीट बघणं आलं, म्हणून चेक म्हणजे तपासणं. (आपल्याकडेही 'रोखणं' आणि 'रोखून बघणं' शेजारीशेजारीच राहतात.) नाक्यावरचा चेकपोस्ट ही दोन्ही कामं एकदम करतो. पटावरच्या घरांवरून चौकडीचं कापड चेक्स झालं, म्हणजे काकांच्या अंगावर अख्खा पट होता.

आणि माझा तो चेक? त्याच्या घराण्यात एक टेबल आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला साधारण 10 फूट लांब, 5 फूट रुंद टेबल असे, वर चौकटी आखलेलं कापड. प्रांतोप्रांतीचे शेरीफ हिशेब घेऊन येत आणि त्या चौकटींत सोंगट्या सरकवून बेरजा-वजाबाक्या होत. या कामाची पद्धत 1170च्या दशकात लिहून ठेवणारा रिचर्ड फिट्झनील स्वतः राजाचा खजिनदार होता, आणि त्यानेच या हिशेबाला खजिनदार आणि शेरीफ यांच्यातल्या बुद्धिबळाच्या डावाची उपमा दिली आहे. बुद्धिबळाच्या पटावरून त्या कचेरीला एक्सचेकर हे नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर'च आहे, पट जाऊन कैक शतकं लोटली तरी. बँकेचा चेक आधी 'तपासणी'वाल्या अर्थाचाच होता. खोटेपणा पकडता यावा म्हणून जपून ठेवायची स्थळप्रत (काउंटरफॉइल), म्हणजे चेक. पुढे ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या नादाने त्याचं स्पेलिंग भारदस्त केलं. अमेरिकन लोक अजून जुनंच लिहितात.

म्हणून कुळ काढून शब्दाला हाकलणं मला जमत नाही. 'खजिनदार' या शब्दातला खजिना अरबी आणि दार फारसी, त्याबद्दल काकांची काहीच तक्रार नाही!

पण काकांचं एक दुखणं मला मान्य आहे, ते त्यांनी चुकीच्या जागी दाखवलं एवढंच. चेक नाम म्हणून येऊ दे की. 'चेक कर' या क्रियापदाने मात्र माझ्याच तोंडातून किती शब्द पळवलेत बघा. मीठ चेक कर, गॅस चेक कर, ताप चेक कर, पत्ता चेक कर, आजोबा झोपलेत का चेक कर. अरे, मीठ चाखून बघायचं असतं, ताप हात लावून बघायचा, पत्ता पडताळायचा, खिसा चाचपायचा, आणि आजोबांच्या खोलीत नुसतं डोकावायचं. इंग्रजांनी एका शब्दाचे दहा अर्थ केले. आम्ही आमच्या दहा शब्दांचा एक केला.

आज सकाळी खजिनदारांचा ग्रुपवर मेसेज आला: "चेक वटला." वटणे! हुंडीच्या काळापासूनचं क्रियापद, परक्या कागदाला आपल्या भाषेत पैसे मिळवून देणारं. काकांनी त्यावर अंगठा टाकलाय.