असईचा पराभव जुनाट हत्यारांमुळे झाला नाही

‘१८०३ साली इंग्रजांकडे आधुनिक रायफली आणि तोफा होत्या, मराठे जुनाट हत्यारांनिशी लढले, म्हणून असईला हरले,’ असा मजकूर ईस्ट इंडिया कंपनी आणि दौलतराव शिंदे यांच्यातल्या असईच्या लढाईबद्दल समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यातले एकही विधान तपासात टिकत नाही, आणि शिंद्यांच्या गोलंदाजांवर, म्हणजे तोफा डागणाऱ्यांवर, तर त्यातून उघड अन्याय होतो.

आधी बंदुका पाहू. असईच्या रणात कंपनीच्या पलटणींच्या हाती रायफली, म्हणजे नळीत आतून आटे पाडलेल्या बंदुका, नव्हत्या. गुळगुळीत नळीच्या, चकमकीच्या, ठासणीच्या बंदुका होत्या, आणि दौलतराव शिंद्यांच्या कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणींकडेही त्याच जातीच्या संगिनी लावलेल्या बंदुका होत्या. काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीने आधी पेटायला, नळीच्या कानाशी (छिद्रापाशी) घालायची, उरलेली दारू आणि गोळी नळीत सोडून गजाने ठासायची, आणि चाप ओढल्यावर ठिणगी नीट पडली तरच बार उडायचा. शंभर यार्डांपलीकडे नेमका नेम धरणे दोघांनाही अवघडच होते.

तोफांच्या बाबतीत तर मजकूर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. द बॉयन या युरोपीय सेनानीने शिंद्यांसाठी उभारलेल्या फौजेसाठी सँगस्टर या युरोपीय तोफ-ओतकाच्या देखरेखीखाली आग्र्याला युरोपीय धर्तीच्या तोफा ओतल्या जात होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने केळणा नदी ओलांडताच शिंद्यांच्या तोफांनी त्याचे गोलंदाज आणि तोफा ओढणारे बैल इतके टिपले, की आपल्या तोफा मागे टाकून त्याला पायदळ संगिनींवर पुढे घालावे लागले. असई गावाकडे भरकटलेल्या ७४व्या हायलँडर पलटणीची धूळधाण उडाली, आणि वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. इंग्रज फळी पुढे निघून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या काही गोलंदाजांनी उठून तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. हे जुनाट हत्याराच्या भरवशावर लढणाऱ्याचे वर्तन नव्हे.

मग पराभव का झाला? माझ्या मते मुख्य दोष नेतृत्वाचा होता. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या चाकरीतले अनेक इंग्रज अधिकारी ऐन युद्धाच्या तोंडावर निघून गेले, उत्तरेत शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला, आणि होळकर त्या वर्षी युद्धाबाहेरच राहिले. १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीच्या लढाईत वरिष्ठ युरोपीय अधिकाऱ्यांवाचून लढलेल्या शिंद्यांच्याच कवायती पायदळाने इंग्रज सेनापती लेकला इतके झुंजवले, की त्यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले.

राहिला रायफलीचा मुद्दा. नळीत सहज उतरणारी आणि बार होताच फुगून आट्यांत घट्ट बसणारी मिनिए गोळी १८४९ची. तिच्यामुळेच सामान्य शिपायाच्या हाती रायफल देणे परवडले. तिच्याच तत्त्वावरची १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानी पलटणींना देण्याची तयारी १८५७च्या सुरुवातीला चालली होती. तिचे काडतूस नाकारून उठलेले शिपाई बहुतांशी जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांनीच लढले, आणि तीनशे यार्डांवरून टिपणाऱ्या एनफिल्डसमोर त्यांना जवळ पोचणेही कठीण झाले. असईच्या माथी मारली जाणारी हत्यारांची दरी खरोखर पडली ती इथे, ५४ वर्षांनंतर.