लॉर्ड एल्फिन्स्टन नेमके कोण?

मुंबईच्या जुन्या नावांबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पेशवाई बुडवल्याबद्दल मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला ‘लॉर्ड’ हा किताब मिळाला, एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन दोन्ही त्याच्याच नावाची, आणि तो निपुत्रिक वारल्यावर किताबही संपला, असं त्यात म्हटलंय. आपल्याच शहराचा इतिहास इतका चुकीचा सांगितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली गोष्ट, हा किताब पेशवाईमुळे मिळालेला नाही. तो स्कॉटलंडचा आहे. चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टनला तो दिला. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला आणि हा पहिला लॉर्डही पडला. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं मिळाली १७१३ मध्ये, म्हणजे त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी!

दुसरं, माउंटस्टुअर्ट कधीच लॉर्ड नव्हता. अकराव्या लॉर्डचा तो चौथा मुलगा, आणि किताब थोरल्याकडे जातो. हिंदुस्थानच्या इतिहासावरचं त्याचं पुस्तक १८४१ मध्ये निघालं. त्याच्या पहिल्या पानावर नावाआधी छापलंय ‘द ऑनरेबल’. लॉर्डच्या धाकट्या मुलांना लावायचं ते संबोधन. स्वतः लॉर्ड असता तर तिथे तसं छापलं असतं. आपल्याकडे गव्हर्नर म्हटला की तो लाटसाहेबच, त्यामुळे घोळ सहज होतो.

मग मुंबईचा लॉर्ड एल्फिन्स्टन कोण? जॉन, तेरावा लॉर्ड, माउंटस्टुअर्टचा सख्खा पुतण्या. वडील १८१३ मध्ये वारले आणि पाच वर्षांच्या पोराकडे किताब आला. तो १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. काका त्याच गादीवर १८१९ ते १८२७ होता. कॉलेज काकाच्या नावाचं, त्याच्या निरोपाच्या वेळी लोकांनी वर्गणी काढली त्यातून उभं राहिलेलं. रस्ता पुतण्याच्या नावाचा, आणि रस्त्यावरून स्टेशनचं नाव पडलं. २०१८ मध्ये ते प्रभादेवी झालं, ते माउंटस्टुअर्टचं नाव पुसून नव्हे.

उरला किताब संपल्याचा मुद्दा. काकाचं लग्न झालं नव्हतं, पुतण्याचंही नाही. काका नोव्हेंबर १८५९ मध्ये गेला, पुतण्या जुलै १८६० मध्ये. संपलं ते वेगळंच. १७०७ नंतर स्कॉटिश उमरावांना ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात आपल्यातले फक्त सोळा जण निवडून पाठवता येत. म्हणून १८५७ च्या धामधुमीतल्या कामगिरीबद्दल जॉनला १८५९ मध्ये ब्रिटिश बॅरन हा दुसरा किताब दिला, म्हणजे निवडणुकीशिवाय जागा. तो पुढच्याच वर्षी त्याच्यासोबत गेला. १५१० चा किताब मात्र चुलत घराण्याकडे गेला आणि चालत राहिला. १९९४ मध्ये तो ज्यांच्याकडे आला, त्या एकोणिसाव्या लॉर्डचं नाव अलेक्झांडर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.