रॅमचा कार्पेट एरिया

फ्लॅट घेताना बिल्डरने सांगितलेल्या आकड्यातून आपण मनातल्या मनात जिना, लिफ्ट, लॉबी वजा करतो. रॅम, म्हणजे संगणकाची काम करतानाची मेमरी, घेताना मात्र आपण भोळेभाबडे. आठ जीबीचे पैसे मोजले म्हणजे आठ जीबी आपली! मग कधीतरी 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडाव्यात, तर इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि पुढे कंसात, चारचौघांत सांगायची लाज वाटावी तसं, ३.४५ जीबी युजेबल.

यावर पहिला उपाय म्हणजे दुकानदाराला फोन करून आवाज चढवणे. तो बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. माझं म्हणणं, आधी वजाबाकी करा. किती गेली ते कळलं की कुणी नेली याचा निम्मा तपास लागतो.

साडेचार जीबी गेली असेल तर विंडोज ३२ बिटची आहे. तिच्या वहीत रॅममधल्या घरांचे नंबरच मुळी ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबीपुरते. त्यातलेही वरच्या टोकाचे नंबर ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड वगैरे मंडळींनी अडवलेले. नाट्यगृहात पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखतात तसे. आपल्या वाट्याला उरतात सव्वातीन-साडेतीन. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा. तिथे '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ (म्हणजे ६४ बिटचा) प्रोसेसर' असं दिसलं, तर प्रोसेसर केव्हाचा बाशिंग बांधून बसलाय. ६४ बिट विंडोज टाका. ती जुनीवर चढत नाही, कोरी टाकावी लागते, म्हणून आधी बॅकअप. बाकी विंडोज टाकायला आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

आता यातली मेख. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही आणि ३२ बिटचे ड्रायव्हर घेत नाही. म्हणजे कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याचं वीस वर्षांपूर्वीचं मराठी सॉफ्टवेअर, त्याचा डोंगल (सॉफ्टवेअरची खोचायची किल्ली) आणि खडखडणारा प्रिंटर एका दुपारीत आडवे होऊ शकतात. त्याला मी सांगेन, दादा, सव्वातीनवरच सुखी राहा.

दोनेक जीबी गायब असेल, तर चोर घरातलाच. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच उचलतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून हिशोब लिहिलेला असतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये (चालू होताना डिलीट किंवा एफ२), 'यूएमए फ्रेम बफर साइज', म्हणजे ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम, २ जीबी असेल तर ऑटो किंवा ५१२ एमबी करा. पोरगं गेम खेळत असेल तर त्याला विचारून करा. शे-दीडशे एमबीचीच तूट असेल तर विषय सोडा; तेवढी दलाली सगळेच घेतात.

बरोबर अर्धी गेली, सोळाची ७.९ झाली, तर पहिला संशयित आपण स्वतः. 'पीसी रॉकेट करा' छापाचा व्हिडिओ पाहून एमएसकॉन्फिग (विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारी खिडकी) उघडलेलं असतं, बूट टॅबमध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि 'मॅक्सिमम मेमरी'वर भक्तिभावाने टिक. ती टिक म्हणजे कमाल मर्यादा: याच्यावर वापरू नकोस, अशी ताकीद. काढा आणि रीस्टार्ट करा. शेजारची 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'ची टिकही त्याच माळेतली.

टिक नसेल तर खोका उघडायचा. प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा स्लॉटपासून लांब झटका. बसवताना सगळे 'टक्' आवाजाची वाट बघतात. पण हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. तिकडे टक् होतं, आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. आधी ते बिनखटक्याचं टोक नीट बसवा. स्लॉट चार आणि पट्ट्या दोन असतील, तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

तरीही इन्स्टॉल्ड सोळा, युजेबल निम्मी? प्रत्येक पट्टीवर तिची ओळख सांगणारी एक चिमुकली चिप असते, तिच्या तारा वेगळ्या. त्यामुळे हजेरीला 'उपस्थित' म्हणणारी पट्टी कामाला गैरहजर असू शकते. एकच पट्टी घेऊन प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहा. एका बाजूचे स्लॉट कुठलीच पट्टी घेत नसतील तर पट्ट्यांना शिव्या देऊ नका. मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या पोटातून चालतो. सॉकेटमधली एक पिन वाकली किंवा प्रोसेसरवरच्या कूलरचा एक कोपरा जास्त आवळला, तरी सगळा चॅनेल, म्हणजे त्या बाजूच्या स्लॉटांचा रस्ताच, जातो. कूलरचे चार स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे फिरवायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

सगळी रॅम दिसायला लागली तरी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. एकही एरर आली तर ती पट्टी बाद. रॅमला वॉरंटी चांगली लांबलचक असते. फक्त बिल लागतं, आणि ते थर्मल कागदावर छापलेलं असल्यामुळे तोवर कोरंकरकरीत झालेलं असतं.